तुर्कस्तान सहल : पुस्तके वाटून घेण्यासाठी बैठक

सहलीला येणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार,

कोणी काय वाचायचे हे ठरवायला येत्या रविवारी सकाळी ९ वाजता आमराईत जमायचे आहे. पाऊस लागलाच तर नेहमीच्या वाचनालयात.

प्रत्येकी एक इतिहास आणि एक कादंबरी, बस्स. मागच्या वेळी सहा-सहा पुस्तके नेणाऱ्यांनी ती विमानात उशाला घेतली होती. (त्यात मीही होतो.)

इतिहास कोणताही घ्या, पण त्यात १४५३चा कॉन्स्टँटिनोपलचा (म्हणजे आजच्या इस्तंबूलचा) पाडाव, १९२३चे प्रजासत्ताक आणि १९२४ मध्ये रद्द झालेली खिलाफत हवीच. आपल्याकडच्या खिलाफत चळवळीचा आधार तिथेच सुटला. इस्तंबूलची आया सोफिया ५३७ मध्ये चर्च म्हणून उभी राहिली, १४५३ नंतर मशीद झाली, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. एवढे माहीत असले तर गाईडने पाच मिनिटांत गुंडाळलेले कळेल.

कादंबरीसाठी ओरहान पामुक (नोबेल २००६). 'माय नेम इज रेड' संथ आहे, पण ऑटोमन (तुर्की सुलतानांच्या) दरबारातल्या चित्रकारांची आहे. तोपकापी राजवाडा बघण्याआधी वाचाच. 'स्नो' मात्र दूरच्या कार्स शहरातली, आपण तिकडे जाणार नाही. इंग्रजी नको असेल तर मीना प्रभु यांचे 'तुर्कनामा'. कादंबरी नव्हे, प्रवासवर्णन, तरी चालेल.

- निवडलेली नावे शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.
- घरी असलेली पुस्तके आणा, आत नाव घालून.
- चोरीच्या पीडीएफ गटावर टाकू नयेत.

चहा गटातर्फे. भडंग ज्याने त्याने.