कॅम्पर व्हॅनला बॅटरी कट-ऑफ स्विच हवाच

संपादक साहेब, नमस्कार.

2021 ला राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, आता लोक हौसेने जुन्या ट्रॅव्हलरचे कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) करून घेतात, छानच आहे. पण आत सनमायका, एलईडी, फ्रिज सगळं झकास आणि हे सगळं चालवणाऱ्या मागच्या बॅटरीला ती एका झटक्यात तोडणारा साधा कट-ऑफ स्विच नाही, हे बघून खरंच वाईट वाटतं. ट्रकवाल्यांना हा स्विच कधीपासून माहितेय.

आपल्याकडे पावसाळ्यात या गाड्या बहुतेक उभ्याच. मालकाला वाटतं सगळं बंद आहे, पण गॅस अलार्म, फ्रिजचं इलेक्ट्रॉनिक कार्ड, म्युझिक सिस्टिम, स्टँडबायवरचा इन्व्हर्टर करंट खातच असतात. सगळं मिळून अर्धा अँपिअर धरा, दिवसाचे 12 अँपिअर-अवर झाले, म्हणजे 100 अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत अर्धी उतरली. लेड-ॲसिड बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्जिंगला लावा ती पहिल्यासारखी होत नाही, हजारोंचा फटका. आणि कुठे वायर घासून धूर आला तर बॅटरी सोडवायला पाना शोधत बसायचं का?

बसवणं अवघड नाही, फक्त स्विच दमदार घ्या. 12 व्होल्टवर 1000 वॅटचा इन्व्हर्टर फुल लोडला 90-100 अँपिअर ओढतो, त्यामुळे निदान 200 अँपिअर कंटिन्युअसचाच (सलग तेवढा करंट झेपणारा) घ्या, केबलही तेवढीच जाड आणि लग (केबलच्या टोकाचे धातूचे कान) नीट दाबून क्रिम्प केलेले, नाहीतर तो जॉइंटच तापतो. काम करताना आधी निगेटिव्ह काढायची आणि लावताना ती शेवटी, कारण पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. पॉझिटिव्हवर बॅटरीजवळ फ्यूज, मग स्विच, तोही दारातून हात पोचेल असा. सोलर असेल तर त्याचा चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर घ्या म्हणजे स्विच बंद असला तरी चार्जिंग चालू राहतं. सोलर नसेल तर आधी बॅटरी फुल चार्ज करून मगच स्विच बंद करा आणि महिन्या-दीड महिन्याने परत चार्ज करा, कारण नुसती ठेवली तरी ती हळूहळू उतरतेच.

कॅम्पर बनवणाऱ्यांनी हा स्विच एक्स्ट्रा म्हणून न विकता मुळातच द्यावा आणि आरटीओने पासिंगला तो बघावा, एवढी कळकळीची विनंती. मालकांनी एक मात्र विसरू नये, स्विच बंद केला की गॅस अलार्मही बंद होतो, तेव्हा आधी सिलिंडरचा रेग्युलेटर काढा.

— एक कॅम्परवाला, चिपळूण