विषय: १९७४ च्या ग्रेमलिनसाठी नायलॉनऐवजी सुती डेनिमची सीट कव्हर पाठवल्याबद्दल

व्यवस्थापक,

आज तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन केला. पाचवा करणार नाही, म्हणून लिहितो आहे.

माझी ग्रेमलिन, म्हणजे अमेरिकन मोटर्स (एएमसी) कंपनीची छोटी गाडी, लिवाईज इंटिरियरची आहे: आतून लिवाईज जीन्ससारखी सजवलेली. ते कापड काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय: डेनिमसारखं दिसणारं निळं नायलॉन, नारिंगी दोऱ्याची शिवण, तांब्याचे रिव्हेट, पुढच्या सीटच्या पाठीवर लिवाईजची पट्टी, दारावर नकाशाचे खिसे. एएमसीने खरी डेनिम घातली नाही, कारण ती आगीच्या नियमात बसत नव्हती आणि गाडीच्या सीटवर टिकलीही नसती. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२ पासून गाड्यांच्या सुरक्षेचं मानक ३०२ लागू आहे. गाडीच्या आतल्या कापडावर आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने पसरता कामा नये.

तुम्ही मला सुती डेनिम पाठवलीत.

हे मी आज तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. तो म्हणाला, "काका, लिवाईज म्हणजे जीन्सच ना?" मी म्हटलं, दिसायला जीन्स, पण कापड नायलॉन. तो म्हणाला, "मग आम्ही तुम्हाला नकलीच्या जागी असली दिली. वर एक रुपया जास्त घेतला नाही." मी आगीचा नियम सांगितला. त्यावर, "तुम्ही गाडीत सिगारेट ओढता का?" नाही म्हटल्यावर, "मग प्रश्नच मिटला." मी वरिष्ठांना द्या म्हटलं. त्याने फोन धरून ठेवायला लावला, बावीस मिनिटं. परत येऊन म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत. काकूंना दाखवून बघा, त्यांना आवडेल."

माझ्या पत्नीला दाखवायची गरजच पडली नाही. पहिल्याच फेरीत तिच्या पांढऱ्या कुर्त्याला पाठीपासून खालपर्यंत निळा डाग पडला. सुती डेनिमचा रंग घासला की सुटतो, हे कापडाचा धंदा करणाऱ्याला ठाऊक असायला हवं. त्या काळच्या साध्या ग्रेमलिनच्या व्हिनाइलवर उन्हाळ्यात पाय चिकटतात. या गाडीत तसं होत नाही, तासन्‌तास बसलं तरी पाठ ओली होत नाही. म्हणून तर मी ही गाडी शोधत तीन वर्षं फिरलो. अमेरिकेत मिलवॉकीत राहतो, गाडी बनली तो केनोशाचा कारखाना तासाभरावर होता. या भागात एएमसीत आयुष्य काढलेली माणसं अजून आहेत. त्यांच्यासमोर ही सीट मी उघडी करणार नाही.

तुमच्यावर विश्वास ठेवला, कारण माझ्या मित्राच्या १९७२ च्या ओल्ड्समोबिल नाइन्टी-एट रीजन्सीच्या उशा-उशांच्या व्हेलूर (मखमलीसारख्या कापडाच्या) सीटा तुमच्याच पुण्याच्या कारखान्याने शिवल्या. एक बटण इकडचं तिकडे नाही. तो कारागीर अजून तुमच्याकडे आहे का? असेल तर त्याला माझी ऑर्डर दाखवली कोणी?

पुन्हा लिहितो: मागितलं नायलॉन, आलं सुती. चूक मान्य करायला तुम्हाला चार फोन पुरले नाहीत.

पंधरा दिवसांत योग्य कापडाचा संच, आगीच्या चाचणीच्या दाखल्यासह, तुमच्या खर्चाने पाठवा आणि हा परत न्या. नाहीतर पूर्ण पैसे परत करा. दोन्ही झालं नाही तर माझा पुण्यातला भाऊ ग्राहक आयोगात अर्ज करेल. कागद त्याच्याकडे पोहोचलेत.

तुमचा ग्राहक