सेंट लुईसला येण्याआधी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "आम्ही आपले घरीच बसू, तू तिकिटांवर उगाच खर्च करू नकोस." ते ऐकल्यापासून चैन नाही. शाळेत असताना पुण्यात एका संग्रहालयाच्या दारात तुम्ही मला आणि दादाला आत पाठवलं होतं आणि "आम्ही पाहिलंय" म्हणत दोघं बाहेर थांबला होतात. पाहिलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा, इथलं कलासंग्रहालय फुकट आहे. प्राणिसंग्रहालय फुकट, इतिहास संग्रहालयही फुकट. शहरातले आणि काउंटीतले लोक घरपट्टीबरोबर यांच्यासाठी वेगळा कर भरतात, म्हणून दारात कुणी पैसे मागत नाही. ही तिन्ही फॉरेस्ट पार्कमध्येच आहेत. पार्क जवळजवळ १,३०० एकरांचा. १९०४ साली तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. टेकडीवरची संग्रहालयाची इमारत त्याच वेळची, आणि प्राणिसंग्रहालयातला पक्ष्यांचा भलामोठा पिंजराही. त्यात आपण आतून चालत जातो. तिकीट नाही म्हणजे एका दिवसात सगळं उरकायची घाई नाही. तासभर बघायचं, आईचे गुडघे कुरकुरले की घरी यायचं, दोन दिवसांनी पुन्हा जायचं. सोमवारी मात्र कलासंग्रहालय बंद असतं.

आई, बोटॅनिकल गार्डनला तिकीट आहे आणि ते मी काढणारच. १८५९ पासूनची बाग आहे. तिथे क्लायमॅट्रॉन नावाचा काचेचा घुमट आहे, आत एकही खांब नाही. बाहेर बर्फ असला तरी आत दमट, उबदार हवा आणि केळी. मला घरची आठवण आली की मी तिथे जाऊन उभी राहते.

आणि नदी. मिसिसिपी गढूळ आहे, पावसाळ्यातल्या आपल्या कृष्णेसारखी. बाबा, तुम्ही सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी किती फूट आलं ते बघायला जाता, तसं इथले लोकही आकडा विचारतात. १ ऑगस्ट १९९३ ला तो ४९.५८ फूट होता; पूरभिंत ५२ फुटांसाठी बांधलेली, म्हणून शहराचा मधला भाग वाचला. नदीकाठच्या गेटवे आर्च या उंच कमानीच्या खालच्या पायऱ्यांवर बसून आपण पाणी बघत बसू.

त्या ६३० फुटी कमानीवर डब्यातून जाता येतं. डबा अगदी लहान, पाच माणसांचा, वर जायला चार मिनिटं. शिवाय डब्यापर्यंत पोचायला पायऱ्याही चढाव्या लागतात. खालच्या संग्रहालयात, तेही फुकट, तसाच एक डबा नमुन्याला ठेवलाय. आई, आधी त्यात बसून बघ, जीव घाबरतो का ते. तोवर वरचं तिकीट मी काढत नाही.

चालायचे बूट सांगलीतच घेऊन थोडे वापरून ठेवा.

तुमची,
ताई