रोममधल्या अनोळखी मंडळींचे आभार

ऐन जुलैत आई-बाबांना रोम दाखवायला नेलं होतं. तिथे ज्यांनी मदत केली त्यांची नावंही विचारायची राहिली. मराठी त्यांना वाचता येणार नाही, तरी आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

पहिला मान पिआझ्झा नवोना या चौकाजवळच्या आजींचा. बाटलीबंद पाणी घ्यायला निघालेल्या बाबांना त्यांनी अडवलं आणि रस्त्याकडेच्या ओतीव लोखंडी नळापाशी नेलं. हे 'नासोने' १८७० च्या दशकापासून शहरभर आहेत, पाणी अखंड वाहतं. आजींनी तोटीचं तोंड बोटाने दाबलं, तशी वरच्या बारीक भोकातून धार उसळली. वाकायचं आणि प्यायचं! गार पाणी, तेही फुकट. पुढे बाबांनी एकही नळ सोडला नाही.

ट्राममध्ये कागदी तिकीट यंत्रात घालून शिक्का मारायला लावणारा तो मुलगा. (नुसतं खिशात असून भागत नाही, दंड होतो.) सेंट पीटर्स चर्चच्या रांगेत बिनबाह्यांच्या कुर्त्यातल्या माझ्या बहिणीला खांदे झाकायला स्वतःचा स्टोल देणाऱ्या ताई. आणि टेबलावर बसलं की कॉफी महागते, हे खुणेने सांगून आम्हाला काउंटरपाशी उभं करणारे काका. धंद्याचं नुकसान करून सांगितलंत, काका!