तिचं नाव हजेरीत घाल, बाळा

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बरं बरं, बघतो आई" म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. सूनबाईलाही वाचायला दे.

वरच्या आळीतली ती पोर, बेळगावजवळच्या तुझ्या मच्छे गावच्या शेडमध्ये काजू फोडायला येते ती, सोमवारी माझ्या अंगणवाडीत आली होती. सहावा महिना लागलाय, पहिलटकरीण आहे. तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं तपासणीचं सरकारी कार्ड, मीच काढून दिलं. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली आहे, रक्त थोडं कमी आहे, गोळ्या चालू आहेत. मातृवंदना, म्हणजे गरोदर बायकांना सरकार पैसे देतं ती योजना, तिचा अर्ज भरायला तिला बोलावलं होतं. कागद काढता काढता म्हणाली, "बाई, मुकादम म्हणाले पुढच्या महिन्यापासून येऊ नको. बाळंत झालीस की बघू." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. जगाची रीतच ही, असं तिला वाटतं. तिच्या सासूलाही भाताच्या लावणीतून असंच घरी बसवलं होतं. शेड माझ्या मुलाची आहे हे तिला ठाऊक आहे, आणि तरी मला म्हणते, "मालक चांगले आहेत हो."

तू चांगला आहेस हे मलाही ठाऊक आहे. मुकादमाने तुला विचारून सांगितलं की परस्पर, ते मी विचारत नाही. शेड तुझी आहे, तेव्हा शब्दही तुझाच.

आधी सरकार तिला काय देतं ते सांगते, कारण "सरकार देतंय की" हे तुझं पहिलं उत्तर असणार. मातृवंदनाचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये. त्यातले ३,००० नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, २,००० जन्माची नोंद आणि लसींचा पहिला फेरा झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी झाली तर ६,०००. बीपीएल कार्ड असेल तर जननी सुरक्षेचे खेड्यात ७०० रुपये. बाळंतपण सरकारी दवाखान्यात फुकट, सिझर झालं तरी फुकट, औषधं, रक्त, जाण्यायेण्याची गाडीसुद्धा. हे २०११ पासून आहे. सगळं चांगलं आहे आणि हे कागद भरण्यातच माझी उभी नोकरी सरली. पण हिशोब कर. सहा महिने म्हणजे १८२ दिवस धर. ५,००० रुपये त्यावर वाटले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही पडत नाहीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० लिहून ठेवले आहेत. हे पैसे खारीक-खोबऱ्याचे, डिंकाच्या लाडवांचे. पगाराची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आणि एक गोष्ट मला फार लागते. २०१७ पासून आपल्या कर्नाटकात मातृपूर्ण योजना आहे. गरोदर आणि बाळंत बाईने दुपारी अंगणवाडीत यायचं आणि गरम जेवायचं: भात, सांबार, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. माझ्या हातचं जेवण या पोरीला मिळायला हवं, कारण रक्त तिचंच कमी आहे. पण बारा-एक वाजता ती तुझ्या शेडमध्ये असते. ज्या बायका घरी असतात त्या जेवून जातात. जी मजुरीला जाते, जिला गरज जास्त, तिची पंगत रिकामी. डब्यात ती काय नेते ते एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ.

आता मातृवंदनाच्या अर्जाबद्दल. ज्या बाईला कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळते तिला ही योजना नाही. म्हणजे अर्ज भरताना मला ठरवावं लागतं, की हिला कामावरून काही मिळणार आहे का. बाकीच्यांच्या बाबतीत मी क्षणभरही थांबत नाही, कारण काही मिळणार नसतंच. इथे मात्र हात थांबला. तुझ्या शेडमध्ये चौदा बायका आहेत. दिवाळीला चिवड्याची पाकिटं मीच भरली, मोजून भरली. दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथे कामाला असतात तिथे आधी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा लागू होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच हक्क घातले आहेत. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. ती पोर गेल्या शिमग्याच्या आधीपासून येते.

तू म्हणशील, हजेरीवर सातच नावं आहेत, हिशोबनिसाने तसं सुचवलं होतं. बाळा, कायदा हजेरीवरची नावं मोजत नाही, कामाची माणसं मोजतो. मालकाने थेट ठेवलेली असो की मुकादमामार्फत आलेली, मजुरी घेऊन काम करते ती कामगार. म्हणशील, त्या रोजंदारीच्या आहेत. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, आणि २००० साली न्यायालयाने त्यांनाही हा लाभ द्यायला लावला. म्हणशील, किलोवर मजुरी आहे, महिन्याचा पगार नाही. तर तुझी आजी आठव. निपाणीत माझ्या माहेरी ओसरीवर बसून ती विड्या वळायची, हजारी विड्यांवर पैसे. कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या अशा घरबसल्या बायकांना १९६६ च्या विडी कामगार कायद्याने प्रसूती लाभ लागू केला होता. आजीला तो कधी मिळाला नाही, कारण तिचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. माझा धाकटा भाऊ झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूप मांडीवर घेऊन ती परत बसलेली मी पाहिली आहे. कायदा होता, बाळा. वहीत नाव नव्हतं.

म्हणून म्हणते, आधी नाव.

मिळायला काय हवं ते लिहिते, म्हणजे कोणी तुला अर्धवट सांगणार नाही. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंत होण्याआधी. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगून टाकलं आहे. पगार मोजायचा तो रजेआधीच्या तीन महिन्यांत तिला दिवसाला सरासरी जे पडलं त्यावर, किलोची मजुरी असली तरी. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ, उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. बाळंत झाल्यावर सहा आठवडे तिला कामावर घ्यायचंच नाही, ती स्वतः आली तरी. गर्भ गेला तरी सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. हे शेवटचं फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या खालच्या आळीतली एक बाई गर्भ गेल्यावर आठवडाभरात वीटभट्टीवर गेली होती. पुढे वर्षभर तिचा चेहरा पांढराफटक.

आणि मुकादमाने जे केलं त्याबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. गरोदर आहे म्हणून कामावरून कमी केलं तरी तिचा लाभ बुडत नाही. "येऊ नको" म्हटल्याने तुझे पैसे वाचत नाहीत, फक्त तिची चूल थंड पडते.

किती लागतील? दिवसाला चारशे धरले तर १८२ दिवसांचे ७२,८००. बँकेचा हप्ता, आफ्रिकेतून येणाऱ्या बीचा चढलेला दर, व्यापाऱ्यांकडे अडकलेले पैसे, मला सगळं दिसतं. रात्री दोनला उठून बसतोस हे सूनबाईने सांगितलं आहे. ७२,८०० हा आकडा लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण याला उपाय आहे आणि तो तुझ्या हिशोबनिसाने तुला सांगायला हवा होता. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. दहा माणसं झाली आणि पगार महिना २१,००० च्या आत असला की नोंद करायची. मालकाचे पगारावर शेकडा सव्वातीन, बाईचे शेकडा पाऊण. मग २६ आठवड्यांचा पूर्ण पगार विमा महामंडळ देतं, तुझ्या गल्ल्यातून जात नाही. सात बायका लपवून तू जे वाचवतोस त्याच्यामुळेच एकेका बाळंतपणाचा सगळा बोजा तुझ्या एकट्याच्या डोक्यावर येतो, आणि तो पेलत नाही म्हणून पोरीला घरी बसवावं लागतं. चौदाजणींची नोंद केलीस तर पुढच्या वेळी "लग्न झालेली नको, लेकुरवाळी नको" असं म्हणायची पाळी तुझ्यावर येणार नाही. ते वाक्य तुझ्या तोंडून मी गणपतीत ऐकलं आहे. मला ते आवडलं नव्हतं.

या पोरीला मात्र ईएसआयचा उपयोग होणार नाही. आधीच्या काळात ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आज नाव घातलं तर ती कुठून येणार? हिचे पैसे तुलाच द्यावे लागतील. एकरकमी जमत नसेल तर सांग, माझ्या बचत गटातून मी उचलून देते, तू मला फेड. तिला मात्र वेळेवर मिळाले पाहिजेत.

तिचं माहेर महाराष्ट्रात, चंदगडकडे आहे. आठव्यात ती तिकडे जाईल, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं म्हणतात. राज्य बदललं म्हणून तुझं देणं बदलत नाही, काम मच्छेत आहे. तिथे बाळंत झाली तर जन्माची नोंदही तिथे होणार, दाखला मराठीत येणार. इकडचं तायी कार्ड कानडीत, बँकेचा निरोप इंग्रजीत. तिला मराठीखेरीज काही वाचता येत नाही आणि सासरी दुसरं शिकलेलं कोणी नाही, नवरा गोव्यात गवंड्याच्या हाताखाली. आपल्या सीमाभागातल्या बायकांचे हक्क असे कागदांच्या सांध्यातून गळतात. मी नोकरीसाठी कानडी शिकले म्हणून मला जमतं. २१ दिवसांच्या आत नोंद करून दाखला घे, हे मी तिच्या आईला फोन करून सांगणार आहे. तू एवढं कर: तुझ्या शेडच्या कागदावर मराठीत लिहून दे, की ही इथे अमुक तारखेपासून कामाला आहे, रजा अमुक तारखेपासून, परत आल्यावर जागा तिचीच. सही आणि शिक्का. तोंडी नको.

रजेवर जाईपर्यंत तिला काजू फोडायच्या मशीनवर बसवू नको. टरफलाच्या तेलाने हात भाजतात, तो वास आणि दिवसभर पायाने दाबायचं ते पेडल, या दिवसांत नको. गर निवडायला बसव, पाठीला टेकायला काहीतरी दे, मजुरी मात्र कमी करू नको. परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी द्यावी लागते, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. पाळणाघराची सक्ती ५० माणसांना आहे, तुला नाही. पण गोदामाशेजारची ती खोली रिकामीच असते ना? एक झोळी बांधायला जागा पुष्कळ आहे, आणि तिची सासू यायला तयार आहे. मी विचारलं.

आपल्या सोन्याच्या वेळचं आठवतं? सूनबाईला शाळेतून सहा महिने पगारी रजा मिळाली. बारशाला किती निवांत होती ती. बाळ अंगावर पीत होतं, तिला कुठे पळायचं नव्हतं. ते सुख तिला कोणी उपकार म्हणून दिलं नव्हतं. या पोरीलाही मी उपकार मागत नाही.

बुधवारी तिची पुढची तपासणी आहे, त्याच दिवशी मला अर्ज पुढे पाठवायचा आहे. तू हजेरीत नाव घालून रजेचा पगार देणार असशील तर मातृवंदनाचा तिचा अर्ज मी भरत नाही. देणार नसशील तर भरेन, कारण पाच हजारांवरून तिला उपाशी ठेवणं मला जमणार नाही, पण मग कामाच्या रकान्यात तुझ्या शेडचं नाव आहे तसं लिहीन. खोटं मी आजवर एकाही कार्डावर लिहिलेलं नाही. मंगळवारी रात्रीपर्यंत कळव.

सोन्याला पापा. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई