कविता ऐकली, आता उतरवूनही ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात गेल्या शनिवारी झालेल्या खुल्या काव्यवाचनाची बातमी आपल्या अंकात वाचली. दीपप्रज्वलन कोणी केले, सत्कार कोणाचे झाले, सूत्रसंचालन आणि आभार कोणाचे, हे सारे त्यात आले. कवितेची मात्र एक ओळही आली नाही.

त्या संध्याकाळी माइक सर्वांना मोकळा होता. नाव नोंदवायचे आणि एक कविता म्हणायची, एवढाच नियम. केळीच्या बागेत राबणारा तरुण, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, बारावीतली मुलगी, असे कितीतरी जण उभे राहिले. सगळ्याच कविता चांगल्या होत्या असे मी म्हणणार नाही. काहींत यमक जुळवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. पण एका आजींनी हातात कागद न घेता अहिराणीत कविता म्हटली. कापूस घरात येऊन पडला आहे, भाव नाही, आणि लेकीचे बाळंतपण तोंडावर आले आहे, एवढाच तिचा विषय. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. नंतर मी त्यांना ती कविता मागितली. ‘लिहिता कोठे येते, डोक्यात आहे,’ असे त्या म्हणाल्या.

आपल्या जिल्ह्याला तरी याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात काम करताना त्या जे रचत ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मंडळींनी ऐकून उतरवून घेतले. 1951 मध्ये त्या गेल्या. पुढे ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि 1952 मध्ये कविता छापून आल्या. घरात लिहून घेणारे कोणी नसते, तर आज विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या कवयित्रीची एक ओळही आपल्यापर्यंत पोचली नसती. आणि सोपानदेव स्वतः कवी होते. ऐकलेले केवढ्या मोलाचे आहे हे त्यांना कळत होते. प्रत्येक घरात असा मुलगा नसतो.

तरुणांची गोष्टही फार वेगळी नाही. बहुतेकांनी मोबाइलवरून वाचले. मोबाइल बिघडला, बदलला, की कविता गेली. फेसबुकवर टाकलेली कविताही दोन दिवसांत खाली जाते, पुन्हा शोधायची म्हटले तर सापडत नाही.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झाले, 1952 नंतर पुन्हा एकदा. आपल्या भागात तेव्हा केवढा उत्साह होता! पण संमेलन गावात परत कधी येईल याची वाट बघत बसण्यापेक्षा वाचनालयातली ही संध्याकाळ नीट सांभाळणे आपल्या हातात आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वाचनालयाने एक जाड नोंदवही ठेवावी. म्हटलेली प्रत्येक कविता, कवीचे नाव, गाव आणि तारीख तिच्यात उतरवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशेजारी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी बसवावा. अहिराणी असो की लेवा गणबोली, त्याने कानावर पडेल तसेच लिहावे. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नये, नाहीतर कवितेचा जीवच जातो. जोडीला आवाजही ध्वनिमुद्रित करावा. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम आटोपशीर केला तर त्यासाठी लागणारा वेळ सहज निघेल.

आणि आपणही, संपादक महोदय, रविवारच्या पुरवणीत यातली एक कविता कवीच्या परवानगीने छापावी. चार इंचांची जागा पुरे. गावोगावच्या माणसांना आपले लिहिणे छापलेले दिसले, तर पुढच्या वेळी ती अधिक मन लावून लिहितील असे मला वाटते.

पुढचे काव्यवाचन कोजागरीला आहे. आपल्या प्रतिनिधीला जरूर पाठवा. फक्त उद्घाटनाचे छायाचित्र काढून त्यांनी निघू नये, शेवटचा कवी म्हणेपर्यंत थांबावे, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, जि. जळगाव