किमान शिक्षेबद्दल सानिकाला

कोथरूड, पुणे

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

मूट कोर्टासाठीचा, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यासाठीचा, तुझा मसुदा वाचला. ‘किमान शिक्षा ठरली की न्यायाधीशाच्या हाती काही उरत नाही’ असं तू ठासून लिहिलंयस. सरसकट तसं नाही. शिवाजीनगर कोर्टात स्टेनो म्हणून माझी नोकरी झाली. निकाल दिले नाहीत, पण टाइप भरपूर केलेत.

आर्म्स अ‍ॅक्टचं कलम २५(१-ब) पुन्हा उघड. विनापरवाना कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, सापडला तर २०१९च्या दुरुस्तीपासून किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५. पण खालचं परंतुक, म्हणजे ‘परंतु’नं सुरू होणारी सवलतीची अट, वाचलंस का? पुरेशी आणि विशेष कारणं निकालात नोंदवून कोर्ट त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं. तुझा युक्तिवाद इथे उभा राहायला हवा. ‘आरोपी तरुण आहे, घरी म्हातारी आई आहे’ यानं भागत नाही. म्हातारी आई प्रत्येक आरोपीला असते! कट्टा कोणाचा, काडतुसं होती का, पोरगा कुण्या भाईचा नुसता हमाल होता का, हे पुराव्यात आलं तर कारण ‘विशेष’ ठरेल.

संजय दत्तचं बेकायदा शस्त्राचं प्रकरण घे. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा ६ वर्षांवरून ५ वर आणली आणि तो आपल्या येरवड्यात आला. लोक म्हणाले, वशिला. अगं, प्रतिबंधित शस्त्रांच्या १-अ पोटकलमात तेव्हा किमानच ५ होती, आणि तिथे परंतुक नव्हतं, म्हणून त्याखाली जाता येत नव्हतं. २०१९च्या दुरुस्तीनं किमान ७ झाली, पण तसंच परंतुकही तिथे आलं.

२०१२चा दलबीर सिंग निकाल जपून वापर. त्यात याच कायद्याचं कलम २७(३) रद्द झालं, कारण तिथे फाशीवाचून दुसरी शिक्षाच नव्हती. २ वर्षांच्या किमान शिक्षेला तो जसाच्या तसा लागू होत नाही, आणि समोरची बाजू आधी तेच विचारेल.

माझं मत विचारशील तर किमान शिक्षा असू दे, पण सोबत परंतुक हवंच. ते नसलं म्हणून विवेकाधिकार, म्हणजे प्रकरण पाहून ठरवण्याची मुभा, संपत नाही. दोषारोपपत्रात कुठलं पोटकलम लावायचं हे ठरवणाऱ्याकडे तो सरकतो, आणि त्याला कोर्टासारखी कारणं लिहावी लागत नाहीत. हा मुद्दा तुझ्या मसुद्यात कुठेच नाही, तो घाल.

रविवारी येताना मसुद्याची प्रिंट आण. मोबाइलवर वाचून डोळे दुखतात.

तुझी,
आई